दहा गुणांसाठी

पावतीपुस्तकाखाली मी अमेरिका झाकून ठेवतो.
रात्रपाळीला काट्यावर फारसं कुणी फिरकत नाही,
शेतकी अधिकारी सोडून. ते कधीही.
मुक्त विद्यापीठाचा पेपर एकवीस तारखेला
आणि हंगाम ऐन भरात.

प्रकरण चौथे. पश्चिमेकडील विस्तार.
दोन कंपन्या दोन बाजूंनी रूळ टाकत आल्या,
मधे भेटल्या, सोन्याचा खिळा ठोकला, फोटो काढला.
फोटोत चिनी मजूर दिसत नाहीत,
हे पुस्तकात नाही. रविवारच्या तासाला सर बोलले,
सांगलीत, तिसऱ्या मजल्यावर, लाईट गेलेली असताना.
मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं: का?

गाडी आली.
टायरगाडी, एका बैलाच्या शिंगाचा निळा रंग उडालेला,
वर ऊस, उसावर पोरगं झोपलेलं.
‘पोरगं उतरवा.’
‘त्याचं काय वजन असतंय, साहेब?’
असतंय.
आकडा थरथरतो आणि दहा किलोंनी खाली येतो.

तिथल्या माळावर गव्यांसारखी जनावरं होती,
मार्केट यार्डात परवा शिरला तसल्या गव्यांसारखी,
पण लाखोंनी.
मारली. हाडं राहिली. हाडांच्या टेकड्या
वॅगनी भरभरून पूर्वेला गेल्या,
जाळून त्यांचा कोळसा केला
आणि त्या कोळशातून साखर गाळून पांढरी केली.
इथं मी बोट ठेवून थांबलो.
मागं कारखाना घरघरत होता, मळीचा वास नाकात.
आपल्याकडं चुना वापरतात, गंधकाचा धूर.
हाडं नाहीत.
निदान तशी नाहीत.

कौसाबाई आघाव, शिरूर कासारची,
गव्हाणीचा नंबर लागेस्तोवर खिडकीला टेकून उभी.
‘काय वाचायलात?’
म्हटलं, लोक पश्चिमेला गेले त्याची गोष्ट.
गाड्या जुंपून, ताडपत्रीखाली संसार घेऊन.
‘आमी बी पश्चिमेलाच आलो की.
टरकात आधी बैल चढवले, मंग आमाला.
त्यास्नी काय भेटलं तिकडं?’
एकशेसाठ एकर. पाच वर्षं कसली की नावावर.
ती इतकी हसली की बैलानं मान वळवली.
‘आन् आधी कुनाची व्हती ती जिमीन?’

हा प्रश्न ‘टिपा लिहा’मध्ये येतो. पाच गुण.

पुढं शेतकऱ्यांची गाऱ्हाणी आहेत.
रेल्वे भाड्यात लुटते, कोठारवाले तोलात मारतात.
मी काचेतून काट्याकडं बघितलं.
आमच्या काट्यावर सरकारी शिक्का आहे, कुणीही येऊन तपासावा.
हे वाक्य माझ्याकडून पाठ करून घेतलंय,
अमेरिकेच्याही आधी.

मग संप. आठ तासांसाठी, मजुरीसाठी.
कंपनीच्या चाळीत राहणाऱ्यांची मजुरी कापली, भाडं नाही.
संपाला साडेतीन ओळी, गोळीबाराला अर्धी.
गेल्या महिन्यात आमच्याकडं कोयता बंद होता.
तीन दिवस गव्हाण रिकामी, कोप्यांवर धूर नाही.
मुकादमानं नुसती वही उघडली,
उचलीच्या आकड्यावर बोट ठेवलं.
चौथ्या दिवशी फडात पाचट वाजायला लागलं.
आमच्या तीन दिवसांना किती ओळी?

‘मंग फिटली का त्यांची उचल?’
जाता जाता तिनं विचारलं.
मी शेवटची सूची चाळली.
उ मध्ये उत्पादन होतं, उद्योगपती होते.

पहाटे मिरजेकडं जाणारी मालगाडी ओरडली.
कौसाबाईची गाडी रिकामी होऊन परत काट्यावर,
पोरगं पुन्हा गाडीत, गोणपाटावर, तोंड उघडं.
रिकाम्या गाडीला कुणी ‘उतरवा’ म्हणत नाही.
तसा नियम नाही.
पोराचे दहा किलो गाडीत धरले जातात,
तेवढा ऊस त्यांच्या नावावर कमी पडतो.
चार हंगाम झाले मला या खुर्चीवर.

‘पोरगं उतरवा,’ मी म्हणालो.
तिला वाटलं, साहेब चिडला.
झोपलेल्या पोराला तिनं खांद्यावर टाकलं,
पुटपुटत बाजूला झाली.
मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न सोडेना.